वर गेलेली

सरांचं बोलणं अगदी रंगात आलं होतं, तेवढ्यात टेबलाखाली तिच्या बोटांना काहीतरी मऊ लागलं. खुर्ची पुढे ओढण्यासाठी तिनं टेबलाची कड खालून धरली होती आणि बोटं नेमकी कुणीतरी चघळून चिकटवलेल्या च्युइंगमवर पडली. वाळून खडा झालेलं असतं तर एक वेळ चाललं असतं. हे ताजं होतं, ओलसर होतं, तिला तर ते कोमटसुद्धा वाटलं. हात मागे घेताना त्याची एक बारीक तार बोटाबरोबर लांबत आली. तिनं बोटं कागदाला पुसली, मग रुमालाला पुसली, मग रुमालाचीच किळस आली म्हणून तो पर्समध्ये न टाकता मुठीत धरून बसली. खोलीतले सगळे जण डॉक्टरेट मिळवलेले, सगळे गरिबीबद्दल मनापासून हळहळणारे, आणि यांच्यापैकीच कुणाच्या तरी तोंडातून ही वस्तू थोड्या वेळापूर्वी बाहेर आली होती. ती एकेकाच्या तोंडाकडे बघू लागली. पेनाचं टोपण चावणारं एक तोंड, बिस्किटाचा चुरा ओठाच्या कोपऱ्यात घेऊन बसलेलं एक तोंड, आणि समोर पडद्याच्या उजेडात उघडझाप करणारं सरांचं तोंड, आतल्या सगळ्या दातांसकट. लहानपणी आई सिनेमाच्या थिएटरात सफाईला जायची आणि खेळ सुटल्यावर खुर्च्यांच्या खालून हेच खरवडून काढायची, बोथट सुरीनं, गुडघ्यांवर बसून. आईला कधी कशाची शिसारी आल्याचं तिला आठवत नव्हतं. आपल्याला मात्र साध्या एका बोटानं घाम फुटतो, म्हणजे आपण खरंच सुधारलो म्हणायचं, असं तिच्या मनात आलं आणि तिनं पडद्याकडे लक्ष दिलं.

पडद्यावर दोन माणसांच्या काळ्या आकृत्या होत्या, एक वरच्या पायरीवर, एक खालच्या. ती जिथे काम करायची ती संस्था पगारांचा अभ्यास करायची, सर तिथले प्रमुख. आईबापांच्या मानानं मुलं कुठवर पोचतात याचा हिशेब मांडायची. या वेळचा अहवाल सख्ख्या भावंडांवर होता. एकच घर, एकच आईबाप, एकच गल्ली, आणि तरी एकाचा पगार चढत जातो आणि दुसऱ्याचा जिथल्या तिथे राहतो, तो का? संस्थेच्या भाषेत अशा दोघांना ‘जोडी’ म्हणत. जोडीतलं एक ‘वर गेलेलं’, दुसरं ‘राहिलेलं’. अहवाल सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत लिहायचा असं ठरलं तेव्हा हे शब्द आले, आणि बघता बघता चहाच्या वेळीही लोक राहिलेल्यांचे पगार आणि वर गेलेल्यांचे पगार असं बोलू लागले. ‘वर गेलेले’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती खुदकन हसली होती, एकटीच. इतरांपैकी कुणाच्या घरी माणूस मेल्यावर ‘वर गेला’ म्हणत नसावेत. त्यांच्या घरची माणसं निधन पावत असणार. तिनं तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं, पण आपल्या घरी काय म्हणतात हे त्या खोलीत सांगायचा तिला कंटाळा यायचा.

अहवालाचं म्हणणं तसं सरळ होतं. वर जाणारा हुशार आणि राहिलेला आळशी, असं काही नसतं. ज्या वर्षी तुम्ही कमवायला बाहेर पडता ते वर्षच वाईट निघालं तर पहिला पगार तोकडा पडतो, आणि तो तोकडेपणा पुढे अर्धं आयुष्य पायात घोटाळत राहतो. पाठचं भावंड काही वर्षांनी बाहेर पडतं तोवर वारं फिरलेलं असतं. एवढंच. आकडेमोड तिनंच केली होती, उलटसुलट तपासून केली होती, आणि तिचा त्यावर विश्वास होता. म्हणूनच तर सरांच्या तोंडून ती ऐकताना तिला कसंतरी होत होतं, स्वतःचे कपडे दुसऱ्याच्या अंगावर बघावेत तसं.

“पण प्रकाशनाला आकडे ऐकायला कोण येतं?” सर म्हणाले. “लोकांना माणसं लागतात. खरी माणसं. माझ्या मनात आहे की व्यासपीठावर एक जोडी बसवायची. जिवंत.”

सगळ्यांच्या माना हळूहळू तिच्याकडे वळल्या. तिला कळेना, यांना कसं माहीत. मग कळलं. मागे एकदा जेवणाच्या टेबलावर सगळे आपापल्या बालपणीच्या गमती सांगत होते, कुणाच्या घोड्याची, कुणाच्या इंग्रजी बाईची, तेव्हा तिनंही आपली गंमत सांगितली होती. आपला मोठा भाऊ इस्पितळाच्या लॉन्ड्रीत चादरी धुतो आणि आपल्याला अजून मास्तरीण म्हणतो. हलक्या आवाजात, हसत सांगितली होती. सगळे केवढे भारावले होते! त्या भारावण्याची चव तिला तेव्हा गोड लागली होती, हे आठवून आत्ता जीभ कडू झाली.

“तुमचे बंधू,” सर आवाज मऊ करून म्हणाले, “अजून लॉन्ड्रीतच आहेत ना?”

“हो.”

“वा,” सर म्हणाले, आणि लगेच सावरून, “म्हणजे, तसं नव्हे. पण बघा ना, त्यांच्यासाठी सुद्धा किती सन्मानाची गोष्ट होईल!”

“विचारते,” ती म्हणाली. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं आणि बाहेर पडलं ते हे. मग ती हात धुवायला गेली. बेसिनपाशी साबणाला कसल्याशा फुलांचा वास होता, तो वास बोटांना लागला तरी आतला चिकटपणा गेल्यासारखा वाटेना. आरशात पाहिलं तर चेहरा नेहमीचाच होता, समजूतदार. त्या समजूतदारपणाचाही तिला वीट आला.

दादा नाही म्हणेल अशी तिची खात्री होती. त्या भरवशावरच ती संध्याकाळी त्याच्याकडे गेली. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या, जिन्यात रबराचा वास, वर गेल्यावर साबणाचा. दादाच्या घराला कायम धुतल्या कपड्यांचा वास यायचा, आणि तिला तो वास आवडायचा. पण तो दादाच्या अंगाचा वास नव्हे हे तिला माहीत होतं. एकदा त्याचा डबा द्यायला ती इस्पितळाच्या तळघरात गेली होती. आधी वाफ आली, मग त्या वाफेतून दुसरा वास आला, रक्ताचा, मुताचा, औषधाचा, गरम होऊन वर येणारा, आणि ढीगभर चादरींमागून दादा हातमोजे काढत, हसत बाहेर आला होता. “दरवाजातच थांब गं मास्तरीण, साडी खराब होईल,” म्हणाला होता. ती थांबली होती. ओकारी येऊ नये म्हणून श्वास रोखून दरवाजातच थांबली होती, आणि त्याला वाटलं असणार की साडीसाठी.

वहिनीनं चहा टाकला. दादा पाय पसरून बसला होता, बोटांची कातडी पाण्यानं आणि सोड्यानं पांढरी पडलेली. ती इकडचं तिकडचं बोलली आणि मग एकदाचं सांगून टाकलं, शब्द चाचपडत. एक कार्यक्रम आहे, भाऊबहिणींवरचा अभ्यास आहे, म्हणजे एका घरातले दोघं आणि तरी...

“तरी काय?” दादा म्हणाला.

“तरी वेगळं झालं. म्हणजे एक जण जरा... आमच्याकडे त्याला वर गेलेला म्हणतात.”

“कोण वर गेलं?” वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली.

“ही गेली म्हणे,” दादा म्हणाला, आणि जो हसत सुटला तो थांबेचना. “अगं, ही वर गेली आणि चहा प्यायला खाली आलीय! साखर कमी घाल, भुतांना चालत नाही.”

“अहो वन्सं, असलं अभद्र बोलतात होय तुमच्या हापिसात?” वहिनी म्हणाली, पण तीही पदर तोंडाला लावून हसत होती. मग तीही हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. कित्येक दिवसांत ती अशी हसली नव्हती. हसता हसता तिला वाटलं, आता हा म्हणेल, जा तुझ्या साहेबाला सांग, मला वेळ नाही असल्या तमाशाला. मग ती उद्या तेच सरांना सांगेल आणि प्रकरण मिटेल.

“आणि मी कोण म्हणे?” दादानं डोळे पुसत विचारलं.

“तू... राहिलेला.”

“बरोबर आहे. ही वर गेली, मी राहिलो. कुणीतरी राहायला हवंच की.” त्यानं पसरलेले पाय जवळ घेतले. “येतो की. त्यात काय. तुझ्या ऑफिसात मला आजवर कुणी बोलावलंय?”

कुणी म्हणजे कोण, हे तिला कळलं. त्यानं टोमणा मारला नव्हता, हेच वाईट होतं. तो खरोखरच खूश झाला होता. वहिनीनं लगेच कपाट उघडून पांढरा सदरा काढला, बटणं तपासली, लॉन्ड्रीवाल्याच्या अंगावर डाग दिसला तर काय म्हणतील लोक, असं स्वतःशीच पुटपुटली. ती मात्र घरी जाताना सबंध वाट स्वतःवर चरफडत राहिली. खरं काय ते सांगायला हवं होतं. सरांना व्यासपीठावर तू हवा आहेस, दादा, तो तू खालच्या पायरीवर छान दिसतोस म्हणून, हे सांगायला हवं होतं. पण त्याच्या तोंडावरची ती खुशी पुसायची तिची छाती झाली नाही. की आपल्यालाही तो तिथे हवा होता? प्रकाशनाच्या दिवशी, सगळ्यांसमोर, आपण कुठून आलो हे दाखवायला? हा विचार तिला इतका घाण वाटला की ती भर रस्त्यात थांबली आणि मागून येणारा माणूस तिच्यावर आदळून शिवी देऊन गेला.

त्यानंतर तिला रात्रंदिवस बाबा आठवत राहिले. बाबा छापखान्यात होते. छापखाना बंद पडला त्या वर्षी शहरातलं जे जे बंद पडू शकत होतं ते सगळं बंद पडलं, आणि बाबा खिडकीशी बसून राहू लागले. दादा तेव्हा दहावी झालेला, वर्गात पहिल्या चार-पाचांत. चार महिन्यांपुरतं, असं म्हणून त्याला लॉन्ड्रीत चिकटवला. त्या चार महिन्यांचा नंतर घरात कुणी उच्चार केला नाही. तो भल्या पहाटे उठायचा, आवाज न करता चपला हातात घेऊन दाराबाहेर जायचा, आणि दिवस मावळता परत येऊन तिला अपूर्णांक शिकवायचा. पावाच्या स्लाइसचे तुकडे करून शिकवायचा. उत्तर बरोबर आलं की तुकडा तिला, चुकलं की त्याला. पुढे तिची चुकीची उत्तरं संपली आणि दादाचे तुकडेही संपले, पण तो शिकवत राहिला. ती दहावी झाली तोवर बाबांना एका गोदामावर पहारेकऱ्याची नोकरी लागली होती. तिला कुणी काही म्हणालं नाही, ती आपली शिकत गेली. तिच्यात आणि त्याच्यात फरक होता तो वयाचा. तिनं मांडलेल्या सगळ्या तक्त्यांचं सार हेच होतं आणि ते तिला त्या पावाच्या काळापासून ठाऊक होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी दालनात थंडगार हवा सोडली होती आणि मागच्या टेबलांवर केक, सँडविच, कापलेली फळं मांडली होती. भाषणं सुरू व्हायच्या आधीच लोक खात होते. विषमतेवर ज्यांनी जाडजूड पुस्तक लिहिलं होतं ते गृहस्थ एका हातानं सँडविचमधली काकडी ओढून काढत होते आणि ती बशीच्या कडेला टाकत होते. काकडीवर लोण्यात उमटलेली त्यांच्या बोटांची खूण तिला दिसली. तिनं नजर फिरवली. सगळीकडे चावणं चाललं होतं, गाल हलत होते, आणि त्या हलत्या गालांमधून शब्द बाहेर येत होते: तळातला वर्ग, वंचित, संधी. या गर्दीत दादा भिंतीशी उभा होता. सगळ्या दालनात त्याच्याइतका पांढरा सदरा कुणाचा नव्हता. सरांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि सोडेचनात, आणि तिला दिसलं की सरांचे अंगठे त्या सोललेल्या कातडीवरून फिरताहेत, कापड हातात घेऊन पोत बघावा तसे.

मग व्यासपीठ. मधे सर, एका बाजूला ती, एका बाजूला दादा. दादा खुर्चीच्या कडेवर बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून, फोटो काढायला बसतात तसा. सरांनी प्रस्तावना केली. एक वर गेलं, एक राहिलं, म्हणाले. दादानं तिच्याकडे बघून हळूच डोळे मिचकावले. तिला हसू आलं नाही.

“दादा,” सर म्हणाले. त्यांनीही त्याला दादाच करून टाकला होता. “अगदी मनमोकळं सांगा. तुमच्या बहिणीत असं काय होतं, जे तुमच्यात नव्हतं?”

उत्तर ठरलेलं होतं. काही नाही, असं त्यानं म्हणायचं होतं, किंवा नशीब म्हणायचं होतं, म्हणजे सर वळून पडद्याकडे हात करणार होते आणि तिथे त्या वाईट वर्षाची रेघ उमटणार होती. दादानं माईक तोंडाशी धरला, फुंकर मारून पाहिला, आणि म्हणाला, “कष्ट. मी आळशी होतो ना साहेब.”

लोक हसले. हसले तसा दादा खुलला. खुर्चीत नीट मागे टेकून बसला.

“पुस्तक उघडलं की मला झोप यायची. ही दिव्याखाली तासन्‌तास. मी म्हणायचो, डोळे फोडून घेशील. मला आपलं खेळणं, भटकणं. अभ्यास म्हटलं की पोटात दुखायचं.”

“पण तुमच्या वडिलांची नोकरी गेली होती ना त्या वर्षी?” सर घाईनं म्हणाले. “ते वर्षच फार वाईट होतं.”

“वर्ष काय करतंय साहेब? मला काय कुणी दोरीनं बांधून नेलं होतं? मनात आणलं असतं तर शिकलो असतो. नाही आणलं. चूक माझी आहे, मान्य करायला लाज कसली?”

दालनात टाळ्या पडल्या, मोठ्या, उमाळ्यानं. पुस्तकवाले गृहस्थ बशी खाली ठेवून टाळ्या वाजवत होते. सरांच्या मानेवर लाल चट्टे उमटले. वर्षभराची मेहनत एका लॉन्ड्रीवाल्यानं भर सभेत धुऊन वाळत घातली होती. त्यांनी तिच्याकडे वळून जवळजवळ विनवणी केली, “तुम्हीच सांगा. तुम्ही तर घरातल्याच. असं होतं का?”

माईक तिच्या हातात आला. त्यावर दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडाची ओल होती. तिनं दादाकडे पाहिलं. तो ताठ बसला होता, मान वर, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं जे तिनं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, तिला कळलं. या सगळ्या चावणाऱ्या, हळहळणाऱ्या तोंडांसमोर त्याला बिचारा व्हायचं नव्हतं. आयुष्य आपल्या हातात होतं आणि ते आपणच घालवलं, एवढी तरी मालकी त्याला हवी होती. खरं सांगितलं तर ती मालकी जाईल. तो पुन्हा चपला हातात घेऊन दाराबाहेर जाणारा पोरगा होईल, आणि हे लोक त्या पोराकडे बघून पाणावलेल्या डोळ्यांनी केक खातील. पहाट, पाव, अपूर्णांक, सगळं यांच्या बशीत वाढायचं? सरांचा चेहरा आशेनं तिच्यापुढे वाकला होता. त्या आशेची तिला इतकी किळस आली की निर्णय आपोआप झाला.

“दादा म्हणतोय ते खरं आहे,” ती म्हणाली. “आळशीच होता.”

पुन्हा हशा, पुन्हा टाळ्या. सर खाली बघू लागले. तिला आतून एकदम स्वच्छ वाटलं, कितीतरी दिवसांनी. दादा हसत होता. सगळ्यांबरोबर हसत होता, आणि त्यानं आपल्या हातातला माईक काळजीपूर्वक बंद करून टेबलावर ठेवला.

खायला थांबूया नको, असं तोच म्हणाला. दोघं बाहेर पडून बसच्या थांब्यावर आली. दुपारचं ऊन होतं, थांब्यावर दुसरं कुणी नव्हतं. तिला बोलावंसं वाटत होतं, सरांची नक्कल करून दाखवावीशी वाटत होती, त्या लाल मानेबद्दल सांगून त्याला हसवावंसं वाटत होतं.

“मस्त बोललास,” ती म्हणाली. “तोंडं बघण्यासारखी झाली होती एकेकाची.”

“हं.” दादानं सदऱ्याच्या खिशावर लावलेली नावाची चिठ्ठी काढली, खिशाला भोक पडलं का ते पाहिलं. “आता गेलो तर अर्धी पाळी तरी भरेल.”

“आज कशाला जातोस? घरी चल माझ्या.”

“नको गं.” तो रस्त्याकडे बघत होता. मग म्हणाला, “मी आपलं बोललो तिथे. एवढे लोक बघून. मला वाटलं, तू म्हणशील, काहीतरीच काय बोलतोस दादा.”

“मी मुद्दाम—” ती म्हणाली. “तुला तेच हवं होतं असं मला... दादा, तसं नव्हतं. मला माहितीये तसं नव्हतं.”

“असू दे गं. रागावलो नाही मी.” तो खरंच रागावला नव्हता, आवाज अगदी साधा होता, हिशेब लागल्यासारखा. “इतकी वर्षं मी धरून होतो की बाबांची नोकरी गेली म्हणून. नाहीतर मीही. झोप नाही आली की हेच घोळवायचो. पण माणसाला स्वतःचं काय कळतं? तू यातली शिकलेली. एवढी वर्षं हेच तपासतेस, कोण कशानं वर जातं, कोण कशानं राहतं. तू चार लोकांत म्हणालीस म्हणजे उगाच म्हणणार नाहीस.”

बस आली. त्यानं नेहमीसारखी तिच्या डोक्यावर टपली मारली आणि चढला. ती फुटपाथवरून बसबरोबर चालत काचेवर हात आपटत राहिली, दादा, दादा, ऐक. आत तो खिडकीतली जागा सोडून पलीकडच्या बाकावर बसला, आणि इंजिनाच्या आवाजात त्याला वाटलं ती निरोप देतेय, म्हणून त्यानं हसून हात हलवला.